मोज्याची शेवटची ओळ

तांडापेठेतल्या आमच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास हस्तकलेचा असे. तो तास माझा. वर्गातली निम्म्याहून अधिक मुलं कोष्ट्यांच्या घरची होती, म्हणजे ज्यांच्या घरात हातमाग आहे आणि आईबाप लुगडी विणतात अशी. त्यांना टकळीवर सूत काढायला शिकवण्यात काही अर्थ नव्हता. सुताबद्दल त्यांच्या बोटांना माझ्याहून जास्त कळत होतं. म्हणून मी लोकर आणली. सुयांसाठी सायकलच्या दुकानातून जुने स्पोक मागून आणले, टोकं फरशीवर घासून गुळगुळीत केली, आणि पाचवीची मुलं मफलर विणायला लागली.

१९५३ सालचा हिवाळा होता. एका शनिवारी गोपिका माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. अकरा वर्षांची, बारीक चणीची मुलगी. सहसा काही विचारत नसे. तिनं विचारलं की मोज्याचं टोक शिवण न घालता बंद करता येतं का.

येतं, मी म्हटलं, पण शिवण असली तर बिघडतं काय?

“बाबाले टोचते,” ती म्हणाली.

तिच्या वडिलांचं, चंद्रभानचं, मला ऐकून माहीत होतं. पावसाळ्यात त्याच्या पायात गंजलेला खिळा गेला होता. पाय सडत वर चढला आणि शेवटी गुडघ्याखाली वीतभर ठेवून बाकीचा कापावा लागला. दिवाळीनंतर कामठीच्या ओमप्रकाश मिस्त्रीनं त्याला लाकडी पाय करून दिला. वर चामड्याची वाटी, खाली लाकूड, मांडीला बांधायला पट्टे. पाय चांगला होता. पण वाटीत उरलेला पाय घालायचा तर त्यावर मोजा लागतो, आणि बाजारातल्या मोज्याची शिवण नेमकी टोकाला, जिथे भार पडतो तिथेच येते. दोनदा कातडं फुटलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जखम पुन्हा चिघळली तर आणखी वरून कापावं लागेल. ओमप्रकाश मिस्त्रीचं म्हणणं एकच होतं, “बिना सिलाई का मोजा पहनाओ, भैया. लकडी का इसमें क्या दोष?”

आता कोष्ट्याला पाय कशाला लागतो, असं ज्यानं माग पाहिला नाही त्याला वाटेल. मागासमोर जमिनीत खड्डा असतो. विणणारा काठावर बसून पाय त्यात सोडतो आणि खाली दोन पावड्या असतात त्या आळीपाळीनं दाबतो. एक दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले वर. मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. एका पायानं विणता येत नाही. चंद्रभानचा माग चार महिने बंद होता. उमरेडला राहणारा त्याचा चुलतभाऊ बाबनराव यानं निरोप धाडला होता की माझ्याकडे दोन हाताशी आलेली पोरं आहेत, माग नुसता उभा राहून खराब होईल, संक्रांतीनंतर येऊन मी घेऊन जातो. चंद्रभान हो म्हणून बसला होता.

हे सगळं गोपिकानं मला एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, “संक्रांतीच्या आंदी शिकता येईन का?”

असे मोजे मी पूर्वी केले होते. लढाईच्या काळात दोन वर्षं मी कामठीच्या लष्करी दवाखान्यात कोठीवर कारकून होतो. तिथल्या नर्सबाई रिकाम्या बसलेल्या कुणाच्याही हातात सुया देत. पाय गेलेल्या शिपायांसाठी आम्ही असे कितीतरी मोजे विणले. वरून नळीसारखे, खाली निमुळते होत जाणारे. शेवटी पुढच्या सुईवर चौदा आणि मागच्या सुईवर चौदा टाके उरत, आणि ते असे जोडायचे की जोड दिसायचा नाही, लागायचाही नाही. मुख्य नर्सबाई प्रत्येक मोजा उलटा करून स्वतःच्या गालावर घासून पाहत.

मी गोपिकाला एकटीला न शिकवता सगळ्या वर्गालाच शिकवायचं ठरवलं. लक्षात राहावं म्हणून एक चाल लावून दिली. पुढची सुई : सुलट, काढ, उलट, ठेव. मागची सुई : उलट, काढ, सुलट, ठेव. ‘काढ’ म्हणजे टाका सुईवरून सोडायचा, ‘ठेव’ म्हणजे धागा ओवून तो सुईवरच राहू द्यायचा. मुलांना ते फार आवडलं. मधल्या सुट्टीत लंगडी खेळतानाही ती तेच म्हणत. गोपिका तर न अडखळता, डोळे मिटून म्हणून दाखवी.

दोन आठवड्यांत तिनं मोजा पुरा करून आणला. पांढऱ्या लोकरीचा, सगळे टाके एकसारखे. टोक मी बोटांनी चाचपून पाहिलं. सपाट होतं. थोडं कडक लागलं, ते नव्या लोकरीमुळे असेल असं मला वाटलं. घंटा व्हायची वेळ झाली होती आणि मुलं दप्तरं आवरत होती. मी मोजा उंच धरून वर्गाला दाखवला, तिला शाबासकी दिली आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मोजा उलटा करून पाहायचं मात्र राहून गेलं.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांच्या गल्लीतून जाताना चंद्रभानच्या घरातून मागाचा आवाज येत होता. मी एकदा दारातून विचारलं, कसं काय चाललंय? तो आतूनच म्हणाला, एकदम बेस.

मग एका सकाळी शाळा भरायच्या आधी गोपिका आली. ती रडत नव्हती, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं ओला मोजा माझ्या हातात दिला. आजवर बाबा स्वतःच मोजा गार पाण्यात धूत, कुणाला हात लावू देत नसत. आज ते कुबड्या घेऊन बाहेर गेले होते म्हणून तिनं गरम पाण्यात टाकला, तर टोक उकललं. आणि टोकाला आतून तपकिरी डाग होता. डाग कशाचा ते तिला कळलं होतं.

मी चष्मा लावून टोक खिडकीजवळ नेलं. आता मला दिसलं. एक धागा सलग फिरलेलाच नव्हता. समोरासमोरच्या प्रत्येक दोन टाक्यांमधून लोकरीचा एक वेगळा तुकडा घातला होता, त्याची दोन टोकं एकमेकांवर पिळली होती आणि वर खळ लावली होती, मागावरच्या उभ्या सुताला, ताण्याला, लावतात ती. चौदा जोड्या, चौदा तुकडे. खळ वाळल्यावर सगळं सपाट बसलं होतं. पण घाम लागला, पुन्हा वाळलं, पुन्हा घाम लागला, आणि एकेक पीळ ज्वारीच्या दाण्यासारखा घट्ट झाला. त्या चौदा दाण्यांवर तो माणूस दहा दिवस पावडी दाबत होता.

मी तिला रागावलो नाही. रागावण्याचा हक्क मी टाळ्या वाजवून घेतल्या त्याच दिवशी गमावला होता. मी फक्त विचारलं, असं का केलंस?

“आमच्यात अशानंच जोडतेत,” ती म्हणाली.

“मग तू रोज म्हणायचीस ते काय होतं? सुलट काढ, उलट ठेव?”

“ते म्हनाचं होतं ना, गुरुजी. पाढ्यावानी.” तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. “हाताचं काम येगळं राह्यते.”

इतकी वर्षं मी मुलांकडून काय काय म्हणवून घेतलं होतं, ते त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत माझ्या मनातून गेलं नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. चंद्रभान भिंतीला पाठ लावून बसला होता, उरलेल्या पायावर धोतराचं टोक ओढून. त्याची आई रुख्माबाई मागाशी होती. मला पाहून तिनं बसायला पोतं सरकवलं आणि म्हणाली, “या गा मास्तर. तुमीच टाळ्या वाजवल्या म्हने.”

मी म्हटलं, हो, मीच.

“तुमी वाजवल्या, आन हा बी बेस बेस म्हनत राह्यला. दोघं सारखेच.”

मी चंद्रभानला पाय दाखवायला सांगितलं. त्यानं बराच वेळ टाळाटाळ केली, मग धोतर बाजूला केलं. टोकाला आडवी रांग होती, लाल आणि मधे मधे फुटलेली. अजून चिघळली नव्हती एवढंच नशीब. मी विचारलं, पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?

तो गोपिका ऐकते आहे का हे पाहून हळू आवाजात बोलला. “पोरगी रोज विचारे, बाबा, दुखते का? मी म्हनो, नाही वं. तिनं किती जीव लावून केलं. तिच्या तोंडाकडं पाहून खरं बोलवे नाही मले.”

“लहानपनापासून असाच हाय,” रुख्माबाई मागाकडूनच म्हणाली. “मी भाजीत दोनदा मीठ घातलं तरी गुपचूप खाये. मंग मले कसं समजावं?”

चंद्रभाननं धोतर पुन्हा पायावर ओढलं. माझं लक्ष रुख्माबाईच्या हातांकडे गेलं होतं. दहा दिवसांत आधीचं लुगडं संपलं होतं आणि ती नवा ताणा जुन्याला सांधत होती. माग कधी पुरता रिकामा करत नाहीत. जुन्या ताण्याची टोकं फणीत तशीच ठेवतात, आणि प्रत्येक जुन्या टोकाला नव्या ताण्याचं एकेक टोक जोडतात. तिनं एक जुनं टोक घेतलं, एक नवं घेतलं, राखेत बोट बुडवून दोन्हींवर एक पीळ दिला, सोडलं. पुढचं घेतलं. अशी दोन हजारांवर टोकं होती. ती माझ्याशी बोलत होती, आणि बोटं आपलं काम करत होती.

मी विचारलं, एखादा जोड नीट झाला की नाही हे परत पाहता का?

“काहून पाहाचं? झालं म्हनजे झालं. वापस हात लावला त सुटते.”

तेव्हा मला कळलं. या घरात जोडणं म्हणजे हेच होतं. दोन टोकं, एक पीळ, आणि पुन्हा तिकडे वळायचं नाही. गोपिका चार वर्षांची होती तेव्हापासून आजीच्या शेजारी बसून हे करत आली होती. आणि मी तिला सांगत होतो की एका टाक्यात सुई घाल, पण तो सोडू नकोस, परत ये, पुन्हा त्याच टाक्यात घाल आणि मग सोड. तिच्या हातांच्या दृष्टीनं ते वाईट काम होतं. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं.

मी गोपिकाला मागाजवळ बोलावलं. आजी सांधते आहे ते उभे धागे मी तिला दाखवले आणि म्हटलं की तू मोज्याचे टाके असे सांधलेस. पण टाका म्हणजे टोक नाही, त्याला टोकच नसतं. मग बाजूला ठेवलेला धोटा उचलून तिच्या हातात दिला.

“हा काय करतो?”

“बाना टाकते. या काठापासून त्या काठालोक.”

“किती धागे?”

“एकच.”

“मोज्यात तेच करायचं आहे.”

ती धोट्याकडे पाहत राहिली. “मंग सांधाचं नाही?”

“नाही. आणखी एक ओळ विणायची. शेवटची. फक्त ती शिवणाच्या सुईनं आणि विणण्याच्या दोन सुयांच्या मधून जाते.”

दुसऱ्या दिवसापासून मी चाल बंद केली आणि गोपिकाला रोज शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ लागलो. वर्गातल्या एका जुन्या पांढऱ्या मफलरवर तिला लाल लोकर दिली आणि सांगितलं की यातली कुठलीही एक ओळ निवड, आणि तो धागा जिथे जिथे जातो तिथे तिथे त्याच्या सोबत लाल धागा ने. बस्स, एवढंच. बंद करायचं नाही, जोडायचं नाही. पहिल्या दिवशी ती तीन टाके पुढे गेली आणि रस्ता चुकली. दुसऱ्या दिवशी अर्धी ओळ झाली. इतर मुलंही भोवती जमली, आता खाली, आता वळसा, असं सांगू लागली, आणि चुकीचं सांगणाऱ्याला तीच सांगू लागली की तसं नाही. तिसऱ्या दिवशी लाल ओळ पांढऱ्या मफलरच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेली. चौथ्या दिवशी ती आपणहून माझ्याजवळ आली. टाक्याला ती आता घर म्हणत होती.

“गुरुजी, हा धागा परतेक घरात दोनदा जाते. एकदा येताना आन एकदा जाताना. म्हनून पयल्या खेपेले घर सोडाचं नाही. सोडलं त पडते.”

हेच मी तिच्याकडून दोन आठवडे म्हणवून घेत होतो. मी तिला ते सांगितलं नाही. तिनं ते स्वतः शोधलं होतं, तेव्हा ते तिचंच होतं.

पण या सगळ्यात संक्रांत होऊन गेली. चंद्रभानची जखम वाळायला तेवढे दिवस लागलेच. नव्या मोज्याची नळी तिनं घरी विणली आणि टोक बंद करायच्या दिवशी मला बोलावलं. मी पोचलो तर दारात बैलबंडी उभी होती. उमरेडहून बाबनराव आला होता. चांगला माणूस होता. ओसरीत बसून तिळाची वडी खात होता आणि आपण माग न्यायला आलो आहोत याचा त्याला स्वतःलाच संकोच वाटत होता. तो म्हणाला, “दादा, आज पाहून घे जमते का. नाही जमलं त उद्या सकाळी नेतो. मले घाई नाही.”

गोपिकानं आमच्या सगळ्यांच्या देखत टोक बंद केलं. ओठ मिटलेले होते, चाल म्हणत नव्हती. दोन सुया मांडीवर, मधून एकच धागा, हा काठ ते तो काठ. चौदा आणि चौदा टाके संपायला पाऊण तास लागला. मग तिनं मोजा वडिलांना दिला.

चंद्रभाननं तो चढवला, वर लाकडी पाय बांधला, आणि भिंतीला धरून उभा राहिला. भार टाकला. काढला. पुन्हा टाकला. रुख्माबाई सुपातले तीळ निवडत होती, तिचे हात थांबले.

“बाबा, कसं लागते?” गोपिकानं विचारलं.

बेस, हा शब्द त्याच्या तोंडापर्यंत आला होता. मला तो जवळजवळ दिसला. त्यानं पोरीकडे पाहिलं. मग बाबनरावाकडे पाहिलं. टोचतं म्हणायचं तर ते बाबनरावासमोर म्हणायचं होतं, आणि बंडी दारात जुंपायच्या तयारीनं उभी होती.

“डाव्या कोपऱ्यात टोचून राह्यलं,” तो म्हणाला. “बारीक आहे. पन टोचते.”

बाबनरावानं मान खाली घातली.

गोपिका रडली नाही, की तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “काढा,” ती म्हणाली. मोजा उलटा करून तिनं डावा कोपरा बोटांत धरला आणि टोचणारी जागा शोधून काढली. शेवटच्या टाक्याशी, पुन्हा सुटेल या भीतीनं, तिनं धागा दोनदा गुंडाळून आवळला होता. तो तिथे कानासारखा वर आला होता. काय करायला हवं ते मला दिसत होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. तिनं आवळलेला धागा सोडवला, मग मागचे पाच टाके उकलले. पाच आणि पाच घरं उघडी, सुईशिवाय उभी राहिली. महिन्यापूर्वी तिनं घाबरून त्यांवर खळ लावली असती. आता ती एकेक घर उचलून सुईवर घेत होती.

अर्धा तास चंद्रभान तसाच बसून राहिला, उरलेला पाय समोर पसरून, धोतर न ओढता. नवं गुलाबी कातडं सगळ्यांना दिसत होतं. बाबनरावानं विचारलं, कुठून कापलं? चंद्रभाननं बोट लावून दाखवलं. या दोघांचं त्यावर याआधी कधी बोलणं झालं नसावं.

मोजा पुन्हा चढला, पट्टे बांधले गेले. या वेळी तो बराच वेळ उभा राहिला. चार पावलं मागापर्यंत गेला, परत आला.

“आता नाही टोचत.”

“खरं?” गोपिका म्हणाली.

“खरं वं. टोचलं असतं त सांगतलं असतं.”

तो काठावर बसला, पाय खड्ड्यात सोडले. उजवी पावडी, डावी पावडी. लाकडाचा आवाज जड, दुसऱ्या पायाचा हलका. धोटा आधी थोडा अडखळला, मग चालू लागला. बाबनराव काही वेळ ऐकत राहिला, मग उठून बैलांना पाणी पाजायला गेला. जाताना रुख्माबाईला म्हणाला की फागुनात येऊन पुन्हा पाहतो, तोवर राहू दे. ती म्हणाली, “ये बापा, जेवाले ये.”

वीतभर कापड झाल्यावर चंद्रभान थांबला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं पट्टे सोडले, मोजा काढला आणि पाय खड्ड्याच्या काठावर गोपिकासमोर ठेवला. ती वाकून नीट पाहू लागली.

“थोडं लाल झालं.”

“हाव. पन ते दबल्याचं हाय, टोचल्याचं नाही.”

तिनं बोटानं हलकं दाबून पाहिलं, थोडा विचार केला. “मंग आज इतकंच,” ती म्हणाली.

मागावरून कुणाच्या सांगण्यानं उठणारा तो माणूस नव्हता. पण तो उठला.